मऊ डायलेक्ट्रिक कंपोझिटचं मॉडेल: आधी कागदावर, मग मेशवर

सिलिकोनच्या पातळ फिल्मला दोन्ही बाजूंनी लवचीक इलेक्ट्रोड लावून व्होल्टेज दिलं की ती जाडीत दबते आणि आडवी पसरते. बेरियम टायटॅनेटची पूड मिसळली की ती आणखी दबेल, या आशेने विद्यार्थी थेट सॉफ्टवेअर उघडतात आणि मेश, म्हणजे वस्तूचे गणितासाठी केलेले बारीक तुकडे, बनवू लागतात. मी त्यांना आधी कागद-पेन्सिल घ्यायला लावते.

साधी फिल्म धरा: जाडी १०० मायक्रॉन, व्होल्टेज ३ किलोव्होल्ट, सापेक्ष पर्मिटिव्हिटी (विद्युत क्षेत्रात ऊर्जा साठवण्याची क्षमता, निर्वाताच्या तुलनेत) २.८, यंग मोड्युलस (कडकपणाचं माप) ०.६ मेगापास्कल. विद्युत क्षेत्र झालं मीटरला ३ कोटी व्होल्ट. पर्मिटिव्हिटी (सापेक्ष आकडा गुणिले निर्वाताची पर्मिटिव्हिटी) गुणिले क्षेत्राचा वर्ग म्हणजे मॅक्सवेल दाब, विद्युत क्षेत्राने फिल्मवर येणारा दाब, तो येतो सुमारे २२ किलोपास्कल. मोड्युलसने भागा, जाडी साधारण ३.७ टक्क्यांनी घटते. हा आकडा वहीत ठेवा, पुढे लागेल.

आता पूड. प्रयोगशाळेत ती वजनाने मोजतात, सूत्रांना मात्र आकारमान लागतं. बेरियम टायटॅनेट सिलिकोनपेक्षा जवळपास सहापट जड, त्यामुळे वजनाने २० टक्के म्हणजे आकारमानाने जेमतेम ४ टक्के. ही बदली प्रत्येक वेळी करा.

आकारमानाने क इतका भाग कणांचा असेल आणि कणांची पर्मिटिव्हिटी प्रचंड असेल, तर मिश्रणाची सरासरी पर्मिटिव्हिटी देणारं मॅक्सवेल-गार्नेटचं सूत्र पर्मिटिव्हिटीला (१ + २क) ÷ (१ − क) ने गुणतं. क = ०.२ ला १.७५ पट, म्हणजे २.८ वरून ४.९. आनंद होतो खरा, पण कण कडक आहेत. कडक गोल कणांनी भरलेल्या निओ-हूकियन (रबराचं सर्वात साधं गणिती मॉडेल) रबरासाठी लोपेझ-पामिएस आणि सहकाऱ्यांचं सूत्र कडकपणा (१ − क) च्या उणे अडीच घाताने वाढवतं: तोही १.७५ पट! गुथ-गोल्डचं दुसरं सूत्र वापरलं तर कडकपणा दुपटीहून किंचित जास्त. दाब वाढला, कडकपणाही तेवढाच वाढला. दबणं होतं तिथेच राहिलं. म्हणून नुसत्या पर्मिटिव्हिटीचा आलेख मी स्वीकारतच नाही, शेजारी मोड्युलसचा हवाच.

मग मेश कशाला? कारण क्षेत्र आत एकसारखं नसतं. एकट्या गोल कणाच्या, क्षेत्राच्या दिशेतल्या दोन टोकांपाशी सिलिकोनमधलं क्षेत्र बाहेरच्या क्षेत्राच्या जवळपास तिप्पट होतं. दाब वर्गाने वाढतो, शिवाय फिल्म ताणली की कणांची मांडणी आणि तिच्याबरोबर पर्मिटिव्हिटीही बदलते. सरासरी आकडे मॅक्सवेलच्या सूत्रात घालून हे हाती लागत नाही.

त्यासाठी एका घनात विस्कळीत विखुरलेले गोल कण घ्या आणि समोरासमोरच्या पृष्ठांवर पीरिऑडिक अटी लावा (जणू हाच घन सगळीकडे पुन्हा पुन्हा येतो), विस्थापनावर आणि विद्युत विभवावरही. दोन्हींसाठी एकच ऊर्जा लिहा: रबराची स्थितिस्थापक ऊर्जा वजा विद्युत ऊर्जा, दोन्ही मूळ, न ताणलेल्या आकारावर. याच ऊर्जेच्या विकलनातून ताण आणि विद्युतभार निघाले की कपलिंग, म्हणजे यांत्रिक आणि विद्युत बाजूंची सांगड, आपोआप बरोबर बसतं. सिलिकोन जवळजवळ असंपीड्य असल्याने दाबासाठी वेगळं चल घ्या, नाहीतर मेश खोटा कडकपणा दाखवेल. कणांच्या फटीत मेश बारीक करा. कणांची संख्या वाढवून आणि घन तिन्ही दिशांनी तपासून उत्तर स्थिरावतं का ते पाहा.

आणि सगळ्यात आधी क = ० ठेवून चालवा. वहीतल्या ३.७ टक्क्यांच्या जवळपासचा आकडा यायला हवा; फिल्म पातळ होताना क्षेत्र वाढतं, म्हणून निओ-हूकियन मॉडेल सुमारे ४ टक्के देतं. आले नाहीत तर कणांकडे वळूच नका.

प्रयोगात मॉडेलपेक्षा खूप जास्त दबणं दिसलं, तर कणांची पर्मिटिव्हिटी फुगवून आलेख जुळवण्याचा मोह टाळा. कडक कणाची पर्मिटिव्हिटी हजारावरून दहा हजार केली तरी उत्तर फारसं हलत नाही. कण आणि रबर यांच्यामधल्या थरात साठणारा विद्युतभार हा जास्त विचार करण्याजोगा धागा आहे.

व्होल्टेज वाढवता वाढवता न्यूटनची आवर्तनं (समीकरणं पायरीपायरीने सोडवण्याची पद्धत) अचानक फसली तर सॉल्व्हरला दोष देण्याआधी पुल-इन तपासा, म्हणजे फिल्म पातळ होते, क्षेत्र वाढतं आणि ती अचानक कोसळते तो बिंदू. दोन्ही दिशांनी मोकळ्या, शुद्ध निओ-हूकियन फिल्ममध्ये ते आडवी लांबी २६ टक्क्यांनी वाढल्यावर येतं. तिथे व्होल्टेजचं शिखर असतं. व्होल्टेजऐवजी इलेक्ट्रोडवरचा विद्युतभार पायरीपायरीने वाढवा, शिखरापलीकडचा मार्गही सापडतो.