साठवलेली लोकर वापरायला काढताय? या चुका टाळा

२०२० मध्ये टाळेबंदी लागली, लोकरीची दुकानं बंद झाली आणि कपाटाच्या तळाशी पडलेल्या पिशव्या बाहेर आल्या. अर्धे गुंडे, लेबल हरवलेल्या लड्या, मध्येच सोडून दिलेला स्वेटर. त्या दिवसांत सुया हातात घेतल्या की जिवाला जरा थारा मिळायचा. म्हणूनच इतक्या मायेनं विणलेली वस्तू पहिल्याच धुण्यात वाकडी झाली की फार लागतं. असे बहुतेक घोटाळे पहिला टाका घालण्याआधीच झालेले असतात, कारण पिशवीत नेमकं काय आहे हे न बघताच आपण विणायला बसतो.

नुसता रंग बघून जोडी लावणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आटते आणि घट्ट होते. ॲक्रिलिक हा कृत्रिम धागा तसा आटत नाही. दोन्हींचे पट्टे एकाच शालीत आले तर एक पट्टा आक्रसतो, शेजारचा होता तसाच राहतो आणि सगळ्या शालीला चुण्या पडतात.

लेबल नसेल तर धागा जाळून बघा. बोटभर तुकडा चिमट्यात धरा, खाली पाण्याची ताटली ठेवा, खिडकी उघडी असू द्या. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, ज्योत बाजूला केली की ती बहुधा आपोआप विझते आणि राख बोटांत चुरते. सुती धागा भराभर पेटतो आणि कागद जळल्याचा वास येतो. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. तो पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. मिश्र धाग्यात दोन्हींच्या खुणा दिसतात, तो वेगळ्या पिशवीत ठेवलेला बरा.

मिसळून विणून झालंच असेल तर उसवायची घाई करू नका. गार पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून पाणी दाबून काढा आणि आडवं पसरून वाळवा. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री मात्र कधीच टेकवू नका. विण चपटी आणि लुळी पडते ती कायमची.

पदर मोजून जाडी ठरवणं

दोन्ही धागे चार पदरी, म्हणजे जाडी सारखी असं नसतं. पट्टीवर १ इंच जागेत धागा शेजारी शेजारी, न ताणता गुंडाळा आणि वेढे मोजा. वेढे जवळपास सारखे भरले तरच ते दोन धागे एकत्र चालतील. बारीक धागा दुहेरी घेऊन जाड धाग्याच्या जोडीला बसवता येतो. तरीही १० सेंटीमीटरचा नमुना विणा, धुवा, वाळवा आणि मग टाके मोजा. न धुतलेला नमुना फसवतो.

लोकर पुरेल असा अंदाज बांधणं

दुकान बंद असताना बाहीसाठी लोकर कमी पडली तर काही इलाज नव्हता. म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर गुंडा आधी तोला. काही ओळी विणून पुन्हा तोला, म्हणजे एका ओळीला किती ग्रॅम लागतात ते कळतं. साध्या विणीत एका ओळीला रुंदीच्या साधारण तिप्पट धागा जातो. टाके बंद करायला चौपट राखून ठेवा. स्वेटर गळ्याकडून खाली विणायला घ्या आणि बाह्या आधी संपवा. मग उरेल तेवढ्या लोकरीत अंगाची लांबी ठरवता येते.

रंग तोच पण लॉट (एकाच वेळी रंगवलेली खेप) वेगळा असेल तर दोन गुंडे दोन-दोन ओळींनी आलटून पालटून घ्या. रंगातला फरक सगळीकडे विखुरतो आणि डोळ्यांत भरत नाही.

उसवलेली लोकर तशीच विणणं

उसवलेला धागा नागमोडी असतो. तसाच विणला तर टाके लहानमोठे दिसतात आणि धुतल्यावर माप बदलतं. त्याची सैल लडी करा, चार जागी बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि टांगून वाळवा. लोकरीचा धागा जागोजाग तुटत असेल तर कसरीची, म्हणजे लोकर खाणाऱ्या किड्याची, शंका घ्या. हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाकीची लोकर तोवर दूर ठेवा.

विणलेला मास्क

हौस समजू शकते, पण विणीत भोकं असतात, म्हणून मास्क कापडाचाच शिवा. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये कापडी मास्कसाठी तीन थरांची शिफारस केली होती. लोकर वापरायचीच तर मास्कच्या दोऱ्या डोक्यामागे अडकवायला, कानामागची ओढ कमी करणारी, दोन बटणांची क्रोशाची पट्टी करा. मास्कचं कापड शिवण्याआधी धुऊन घ्या, नाहीतर बेतलेलं माप धुतल्यावर आखडतं.

मास्क शिवायला बसलात आणि बरेच दिवस बंद असलेल्या शिलाई मशीनवर कापडाच्या खालच्या बाजूला धाग्याचा गुंता झाला की आपण बॉबिनला दोष देतो. दोष बहुतेक वेळा वरच्या धाग्याचा असतो. प्रेसर फूट (सुईखाली कापड दाबून धरणारा भाग) वर उचलून धागा पुन्हा ओवा. फूट खाली असताना ओवलेला धागा धाग्याला ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये नीट बसत नाही. तरीही टाके चुकत असतील तर सुई बदला. रिळावरचा जुना धागा दोन्ही हातांनी ओढून बघा, आणि सहज तुटला तर तो कच्च्या टाक्यांसाठीच ठेवा.