नव्या देशातील पहिला हिवाळा आणि वारंवार होणारी सर्दी

नव्याने स्थायिक होणाऱ्यांची पहिल्या हिवाळ्यातली तक्रार बहुधा एकच असते: एक सर्दी ओसरते न ओसरते तोच दुसरी सुरू होते, आणि त्याच घरात राहणारा सोबती मात्र ठणठणीत असतो. ‘इथली हवा मानवत नाही’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. सर्दी विषाणूंमुळे होते. त्यांपैकी सर्वांत नेहमी आढळणाऱ्या एकट्या ऱ्हायनोव्हायरस या विषाणूचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत, आणि एका प्रकाराविरुद्ध मिळवलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यापुढे फारशी कामाला येत नाही. त्यामुळे प्रौढांना वर्षातून २-३ वेळा आणि लहान मुलांना ६-८ वेळा सर्दी होणे हे सर्वसाधारणच मानले जाते. थंडीत खिडक्या बंद करून माणसे दाटीवाटीने राहतात, एवढेही संसर्गाला पुरते.

मग काहींनाच जास्त का? ज्यांची मुले पाळणाघरात जातात किंवा ज्यांना एकाच खोलीत अनेकांबरोबर राहावे लागते, त्यांचा विषाणूंशी संबंधच अधिक येतो. दुसरे कारण झोपेचे, आणि नवागतांनी ते विशेष मनावर घ्यावे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १६४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात ऱ्हायनोव्हायरसचे थेंब घातले गेले. सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून अधिक आढळली. मायदेशातील वेळ सांभाळून रात्री-अपरात्री फोनवर बोलत बसणाऱ्यांना हा आकडा दाखवावासा वाटतो. धूम्रपानानेही धोका वाढतो, हे वेगळे सांगायला नको.

मात्र प्रत्येक वाहते नाक म्हणजे सर्दी नव्हे. ताप नाही, पण डोळे-नाक खाजते, सकाळी उठताच शिंकांची माळ लागते, पाण्यासारखा स्राव आठवडेच्या आठवडे चालतो आणि चार दिवस दुसरीकडे राहिल्यास आराम पडतो, अशी लक्षणे असतील तर ॲलर्जीचा संशय घ्यावा. भाड्याच्या खोलीतील जुनी गादी, गालिचा आणि खिडकीच्या कडेची बुरशी आधी तपासावी. अंथरूण-पांघरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवावे.

साध्या सर्दीवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही, म्हणून डॉक्टरांनी ती दिली नाहीत तर रुसू नये. परंतु धाप लागत असेल, ताप तीन दिवसांहून अधिक टिकला असेल किंवा दहा दिवसांनंतरही उतार पडत नसेल, तर तपासणी लांबणीवर टाकू नये. त्यासाठी डॉक्टरांकडे नावनोंदणी आजारी पडण्याआधीच करून ठेवावी.