दगडीचे दूध उकळले तरी विष उरते: गोठ्यात आणि घरात या चुका टाळा

दगडी (कासेचा संसर्ग, मॅस्टायटिस) झालेल्या जनावराचे दूध ‘चांगले उकळून घेतले की चालते’ ही समजूत कोल्हापूर जिल्ह्यातील गोठ्यांत आणि स्वयंपाकघरांत इतकी रुजली आहे, की तिच्याबद्दल सहसा कोणी शंका घेत नाही. दगडीला कारण ठरणाऱ्या जीवाणूंपैकी स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या बाबतीत मात्र ही समजूत धोक्याची आहे. हा जीवाणू उकळीने मरतो. पण त्याचे काही प्रकार दुधात जे विष सोडतात, ते 100 अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवले तरी पूर्णपणे नष्ट होत नाही. पाश्चरीकरणात दूध 72 अंशांना 15 सेकंदच राहते, त्यामुळे तेथेही या विषाला धक्का लागत नाही. ते दुधात मुळात तयारच होऊ नये, एवढाच उपाय हाती राहतो आणि बहुतेक चुका दूध चुलीवर चढण्याच्या आधीच झालेल्या असतात.

कास सुजली नाही म्हणजे दगडी नाही, असे धरून चालणे ही त्यांतील सर्वांत मोठी चूक होय. या जीवाणूमुळे होणारी दगडी पुष्कळदा सुप्त असते: कास मऊ, जनावर वैरण खात असलेले, दूध पांढरेशुभ्र, फक्त एखाद्या सडाची धार थोडी कमी. 1914 साली फिलिपिन्समध्ये बार्बर या संशोधकाने वरकरणी निरोगी दिसणाऱ्या गाईच्या दुधाने माणसे आजारी पडत असल्याचे दाखवून दिले. तेच दूध ताजे प्यायले तर काही होत नसे, पण काही तास तसेच ठेवून प्यायले की उलट्या सुरू होत. म्हणून नजरेवर विसंबू नये. प्रत्येक धारेच्या वेळी चारही सडांच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या तळाच्या वाटीत काढून गाठी, खडे किंवा पाणीदारपणा पाहावा. त्या धारा गोठ्याच्या जमिनीवर सोडू नयेत, कारण जनावर त्याच जागी बसते. सुप्त दगडी मात्र वाटीतही दिसत नाही. तिच्यासाठी सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट) ही चाचणी आहे: चार खणांच्या पात्रात प्रत्येक सडाचे दूध वेगळे घेऊन त्यात तितकेच द्रावण मिसळून गोल फिरवले, की बाधित सडाचे दूध घट्ट, चिकट होते. ही चाचणी गोठ्यातच मिनिटभरात होते. डेअरीत फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घनपदार्थ) उत्तम लागले म्हणून दूध निर्दोष आहे असे समजू नये. त्या मोजणीत हा जीवाणूही दिसत नाही आणि त्याचे विषही दिसत नाही.

धार काढताना होणाऱ्या चुका

हा जीवाणू एका जनावराकडून दुसऱ्याकडे मुख्यतः धारेच्या वेळीच जातो. बाधित म्हैस मध्येच पिळून त्याच हाताने पुढच्या म्हशीला बसणे, एकाच फडक्याने सगळ्यांच्या कासा पुसणे, सड सैल व्हावा म्हणून दुधाच्या फेसाने बोटे ओली करणे, अंगठा मुडपून सड ओढणे: या सवयी पिढ्यान्पिढ्या चालत आल्या आहेत आणि त्या मोडणे अवघड आहे, हे मान्य, पण दगडी गोठ्यात फिरत राहते ती यांच्यामुळेच. बाधित जनावराची धार शेवटी काढावी, कोरड्या हाताने पूर्ण मुठीत सड धरावा, प्रत्येक जनावरासाठी फडके वेगळे ठेवावे आणि धार संपताच सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत. धारेनंतर सडाचे तोंड काही काळ उघडेच असते, त्यामुळे जनावर अर्धा तास तरी उभे राहील अशा बेताने त्याच वेळी पुढ्यात वैरण टाकावी. धार काढणाऱ्याच्या बोटावर जखम किंवा गळू असेल तर त्या दिवशी दुसऱ्याने बसावे. माणसाच्या त्वचेवर आणि नाकातही हा जीवाणू वस्ती करतो.

दूध कोमट राहणे

कासेतून आलेल्या थोड्या जीवाणूंनी सहसा कोणी आजारी पडत नाही. साधारण 10 ते 46 अंशांच्या टप्प्यात ते वाढत जातात आणि एका मिलिलिटरमध्ये त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली, की त्रास देण्याइतके विष साचू शकते. संध्याकाळची किटली सकाळच्या संकलनापर्यंत ओसरीवर ठेवणे, किंवा वीज गेल्यावर बल्क कूलरमधील (संकलन केंद्रावरील दूध थंड ठेवणाऱ्या मोठ्या टाकीतील) दूध किती वेळ कोमट राहिले याची नोंदच न ठेवणे, ही त्याला मोकळीक देण्यासारखी गोष्ट आहे. 2000 साली जपानमध्ये वीज खंडित झाल्याने काही तास कोमट राहिलेल्या दुधाची भुकटी झाली. भुकटीतील जीवाणू मेले, विष उरले आणि 13 हजारांहून अधिक लोक आजारी पडले. दूध काढल्यावर शक्य तितक्या लवकर 4 अंशांपर्यंत थंड करणे हाच यावरचा खरा उपाय आहे.

गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेले धारोष्ण दूध पिण्याची कोल्हापूरची आवड सर्वांना ठाऊक आहे. तेथे या विषाला साचण्यास वेळ मिळत नाही हे खरे. तरीही कच्च्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिससारखे आजार येऊ शकतात, त्यामुळे मी स्वतः लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ते देऊ नये असेच सांगेन.

नासलेले वाटणारे किंवा रात्रभर कोमट राहिलेले दूध टाकवत नाही म्हणून त्याची बासुंदी किंवा खवा करणे ही चूक घरांत फार होते. आटवल्याने पाणी जाते, विष मात्र राहते, आणि त्याला ना वास असतो ना वेगळी चव.

उपचार अर्धवट सोडणे

दुधातील गाठी दिसेनाशा झाल्या की सडात सोडायची औषधाची ट्यूब थांबवली जाते. हा जीवाणू कासेच्या आतल्या भागात दडून बसतो, आणि म्हणून पुरा डोस देऊनही काही जनावरे बरी होत नाहीत. अशा वेळी जनावर आटवण्याच्या (विण्याआधी धार बंद ठेवण्याच्या) काळातील उपचारांबद्दल पशुवैद्यकाशी बोलावे. औषधावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत चारही सडांचे दूध डेअरीला घालू नये आणि वासरालाही पाजू नये.

दूध किंवा दुधाचा पदार्थ खाल्ल्यावर 1 ते 6 तासांत घरातील अनेकांना एकदम मळमळ, उलट्या आणि पोटात कळा सुरू झाल्या, तर या विषाचा संशय घ्यावा. त्रास बहुधा एका दिवसात ओसरतो. प्रतिजैविके स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, ती विषावर चालत नाहीत. ओआरएस घोटघोट द्यावे. लहान मूल किंवा वृद्ध माणूस मलूल दिसू लागले तर दवाखान्यात न्यावे. उरलेले दूध फेकण्याआधी त्यातील थोडे स्वच्छ बाटलीत घेऊन बर्फात ठेवावे, म्हणजे प्रयोगशाळेत तपासता येते, आणि त्याच दिवशी गोठ्यातील प्रत्येक दुभत्या जनावराची सीएमटी करून घ्यावी.