पेपरातलं शब्दकोडं: आधी पेन्सिल घ्या

रोजचं कोडं सोडवायचं तर एक नंबरपासून सुरुवात करायचीच असं काही नाही, आधी सगळ्या सूचना एकदा झरझर वाचून काढा आणि जे डोळे झाकून येतं तेवढंच भरा, दोन-तीन अक्षरी शब्द शक्यतो पेन्सिलनेच, कारण खरी फसगत तिथेच होते. आता बघा, सूचना आहे 'कमळ', तीन घरं. पंकज, नीरज, जलज, सरोज, अंबुज, सगळे बसतात! शेवटचा ज मिळून उपयोग शून्य. इथे मधल्या घरातून जाणारा उभा शब्द आधी काढायचा, क आला की पंकज, रो आला की सरोज, विषय संपला. 'मगर' आणि 'सुसर'चंही तेच, दोघांचा शेवट र, म्हणून पहिली दोन घरं बघा.

जोडाक्षराला एकच घर आणि काना-मात्रा त्याच घरात, हे नव्या लोकांना सांगावं लागतं. वेलांटीवर अडलात तर शब्दाच्या शेवटी बहुतेक दीर्घच असते (आणि, तथापि वगैरे सोडून), तेवढ्यावरून आडव्या-उभ्याचं भांडण बरेचदा मिटतं. नाहीतर कोडं बनवणाऱ्याने सूट घेतलेली असते, काय करणार.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की नुसतं 'अरे हो' करून रद्दीत टाकू नका, चुकलेले शब्द वहीत उतरवा. माझ्या वहीत 'वारू म्हणजे घोडा' तीनदा आहे 😄