लांब काठी म्हणजे लांब फेक नव्हे: रॉड घेताना या चुका टाळा

मे महिना आणि गणपती, वर्षातून दोनदा आमच्याकडे चाकरमानी येतात आणि दर वेळी कोणाच्या तरी गाडीत मागच्या काचेपासून पुढच्या काचेपर्यंत तिरपा घातलेला, मासे गरवायचा नवा कोरा रॉड असतोच. तो १२ फुटी असतो, जरा जास्त हौशी असला तर १३ फुटी. का घेतलास विचारलं की उत्तर ठरलेलं, "लांब जातं ना!" रीळ हातात यायच्या आधी रील्स बघून झालेल्या असतात, त्यात कोणीतरी इंग्लंडातला बाप्या शंभर मीटरच्या पुढे लाइनला बांधलेलं शिशाचं वजन भिरकावत असतो. त्याच्या मागे मोकळं कुरण असतं हो. आपल्या मागे काजू असतो.

मी बोलतोय ते गोड्या पाण्यातल्या गरवण्याबद्दल, म्हणजे छोटी धरणं, तलाव, नदीच्या कोंडी, आणि मासा म्हणजे रोहू, कटला, मृगळ नाहीतर सायप्रिनस. खाडीतल्या तांबोशीचा हिशोब वेगळा. आणि धरणावर जायच्या आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी पाणी मच्छीमार सोसायटीकडे ठेक्याने दिलेलं असतं, उगाच भांडणं नकोत.

सगळ्यात पहिली आणि माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे जागा न बघता लांबी ठरवणं. दोन वर्षांपूर्वी माझा भाचा मुंबईहून १३ फुटी रॉड घेऊन आला. आमच्या गावाजवळचं धरण लहान आहे, काठावर सगळी काजूची आणि आंब्याची झाडं, पाण्यात उतरायला दोन-तीनच वाटा. मी म्हटलं, बाबा, इथे ९ फुटीच चालव, माझी घे. नाही! नवीन रॉड आहे ना. पहिल्या फेकीला रॉड मागे नेला आणि गळ थेट काजूच्या फांदीत. ओढून निघेना, तोडायचा नव्हता कारण गळ म्हणे 'इंपोर्टेड', म्हणून हा झाडावर चढला, आणि त्या फांदीवर हुमल्यांचं, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्यांचं, हे एवढं मोठं घरटं. पुढचं सांगत नाही, पण खाली उतरताना अंगात शर्ट नव्हता. शेजारचे तात्या बांधावर बिडी ओढत सगळं बघत होते, ते एवढंच बोलले, "अरे मासो हंय पायाकडे आसा, आणि तू खंय टाकतस?"

आणि तात्यांचं बरोबर होतं. संध्याकाळी ऊन उतरलं की रोहू काठाला येतो, गवताच्या कडेला बुडबुडे दिसतात, १५-२० मीटरच्या आत. तिथे शांतपणे गळ ठेवायचा तर पाचपन्नास मीटरची ताकद काय जाळायचीय? म्हणून माझी सवय अशी की रॉड गाडीतून काढायच्या आधी हात हलवत काठाने एक चक्कर मारतो. मासा कुठे उसळतोय, मागे किती मोकळं आहे, डोक्यावर फांदी आहे का, हे बघायचं. आणि डोक्यावर विजेची तार आहे का हे तर आधी बघायचं. कार्बनच्या रॉडमधून करंट जातो, आणि १२ फुटी रॉड हातात उभा धरला की टोक १६-१७ फुटांवर असतं, त्यावर भिरभिरणारी ओली लाइन वेगळी. तारेखाली मी रॉड जोडतसुद्धा नाही. वळवाचा पाऊस गडगडायला लागला तरी तेच, रॉड आडवा आणि आपण घरात.

आता लांब रॉडने लांब जातं हे अगदीच खोटं आहे का, तर नाही. काठी लांब झाली की टोक मोठा फेरा मारतं, तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापतं, म्हणून शिसाला वेग जास्त मिळतो. पण 'तेवढ्याच वेळात' हे लक्षात घ्या. लांब रॉड टोकाकडे जड लागतो, वाऱ्याला जास्त अडतो, आणि तुमच्या हाताने तो तेवढ्या झपकन फिरला नाही तर जास्तीचे फूट फुकट गेले. माझी उंची साडेपाच फूट. माझ्या हातात १२ आणि १३ फुटीमध्ये चार-पाच मीटरचा फरक पडतो, आणि १३ फुटीने नेम असा काही बिघडतो की विचारू नका. दुकानात बघायचं असेल तर रॉडचं बूड काखेत धरा आणि हात सरळ पुढे करा, मूठ रीळ बसवायच्या जागेवर आरामात आली पाहिजे. ताणून ताणून येत असेल तर तो रॉड तुमचा नाही.

बहुतेक नवशिके फेकतातही उजव्या हाताने, ढकलून. अहो, खालचा हात कशाला आहे? वरचा हात ढकलतो थोडा, खालचा हात बूड छातीकडे ओढतो, खरी ताकद तिथून येते. हे जमलं की १० फुटी रॉडसुद्धा शेजाऱ्याच्या १२ फुटीला मागे टाकतो, मी डोळ्याने बघितलंय.

दुसरी चूक माझी स्वतःची, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. जड शिसं लांब जातं असं कुठूनतरी डोक्यात बसलेलं. रॉडवर पौंडात एक आकडा असतो, पावणेतीन, तीन, साडेतीन, त्याचा अर्थ रॉडचं टोक वाकून बुडाशी काटकोनात यायला तेवढं वजन लागतं. ढोबळ हिशोब असा की पौंडाला एक औंस फेकायचा, म्हणजे ३ पौंडाच्या रॉडला ३ औंस, साधारण ८५ ग्रॅम. माझा रॉड पावणेतीनचा. मी लावलं ८० ग्रॅमचं शिसं, आकडा बघून खूश, आणि मग लाइनवरच्या चाऱ्याच्या स्प्रिंगवर थापला पिठाचा गोळा, नाचणी, शेंगपेंड, भाजलेला तांदूळ, वर लसूण. त्या गोळ्याचं वजन मोजतो कोण? घरी आल्यावर तांदळाच्या काट्यावर तसाच गोळा ठेवून बघितला तर ६५ ग्रॅम. म्हणजे दीडशेच्या जवळ घेऊन मी पूर्ण ताकदीने झटका दिला होता. 'फट्' असा आवाज आला, वरचा तुकडा लाइनवरून घसरत पाण्यात गेला आणि पिठाचा गोळा तर पहिल्या झटक्यालाच सुटून मागे उभ्या असलेल्या मेव्हण्याच्या छातीवर. तेव्हापासून पिशवीत छोटा काटा असतो. लोक हसतात, हसू देत.

त्याच कारणाने लाइन तुटते, म्हणजे तंगूस, नायलॉनचा दोरा. ०.३० मिमीच्या तंगुसावर ९० ग्रॅम घेऊन जोरात फेकलं तर तो सुटतो आणि शिसं गोळीसारखं जातं, पुढे कोण आंघोळ करतंय, कोण म्हशी धुतंय हे त्याला दिसत नाही. लाइनच्या पुढच्या टोकाला जाड लीडर, म्हणजे जास्त ताकदीचा दोरा, बांधा. शिशाच्या औंसाला १० पौंड ताकद हा जुना हिशोब, ३ औंसाला ३० पौंडाचा, आणि लांबी रॉडच्या दुप्पट, वर रिळावर पाच-सहा वेढे. इथे आळस केलेला मला अजिबात चालत नाही, अशा माणसाच्या बाजूला मी उभा राहत नाही.

बारीकसारीक चुका एका दमात सांगतो. खाडीत जिताड्यासाठी घेतलेला ७ फुटी रॉड धरणावर आणायचा आणि मग काठच्या गवतावरून लाइन उचलता येत नाही म्हणून रडायचं, तिथे लांबी हवीच. टेलिस्कोपिक रॉडच्या रिंगा एका रेषेत न लावणं. रीळ अर्धवट भरणं, लाइन काठापासून एक-दोन मिमीच खाली हवी, नाहीतर रॉड २० फुटी आणा, काय फरक पडत नाही. टोकापासून शिसं किती लोंबतंय हे न बघणं, लांब फेकायला रॉडच्या निम्म्यापर्यंत, नेमाला त्याहून बरंच कमी. दुपारनंतर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात उंच फेकणं.

नेमाचं मात्र घरीच होतं, पाण्यावर नाही. भात कापून झालं की कुणग्यात जा, गळ काढून टाका, नुसतं शिसं लावा, २५ पावलांवर वेताची टोपली ठेवा आणि दहा फेकी करा. माझ्या ९ फुटीने सहा-सात टोपलीपासून हातभराच्या आत पडतात, १२ फुटीने तीन पडल्या तर चहा पितो. अंतर ठरलं की लाइन रिळाच्या क्लिपमध्ये अडकवायची, मग प्रत्येक फेक तिथेच थांबते. फक्त फेकून झालं की क्लिपमधून काढायला विसरू नका, मोठा सायप्रिनस धावला आणि लाइन क्लिपमध्येच राहिली तर तुटलीच म्हणून समजा. भाचा हे दोनदा विसरला.

यंदा गणपतीत आला तेव्हा गाडीत १० फुटी होता. १३ फुटी कुठेय विचारलं तर म्हणाला, बाल्कनीत, आईने कपडे वाळत घालायला घेतलाय.