नाशिककरांनो, उल्का बघायच्या तर डिसेंबरची रात्र सोडू नका

उल्का बघायला दुर्बीण लागत नाही, हे आधीच सांगून टाकतो कारण पहिला प्रश्न हमखास हाच येतो. दुर्बिणीतून आभाळाचा एवढासा तुकडा दिसतो आणि उल्का कुठून निघेल ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून जितकं आभाळ डोळ्यात मावेल तितकं चांगलं, सरळ पाठीवर आडवं पडायचं.

आता रात्र कुठली निवडायची. ऑगस्टमध्ये 12-13 तारखेला पर्सिड्स नावाचा उल्कावर्षाव असतो, बातम्या पण भरपूर येतात, पण आपल्याकडे तेव्हा श्रावण, ढगच ढग. आपला खरा मुहूर्त 13-14 डिसेंबर, जेमिनिड्स, म्हणजे मिथुन राशीतून निघाल्यासारख्या दिसणाऱ्या उल्का. बाकी बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीतून होतात, हा फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या धुळीतून होतो. वेग सेकंदाला साधारण 35 किमी, नोव्हेंबरातल्या लिओनिड्स उल्कावर्षावाचा 71 च्या आसपास, त्यामुळे जेमिनिड्स जरा निवांत जातात आणि नवीन माणसालाही नीट दिसतात.

तारीख ठरली की कॅलेंडरवर तिथी बघा, हे फार महत्त्वाचं. शुद्ध पंचमीच्या आसपास असेल तर चंद्र दहाच्या सुमारास मावळतो आणि पुढची रात्र आपली. संकष्टी जवळ असेल तर चंद्र आठ-नऊला उगवून पहाटेपर्यंत छळतो, मग फक्त ठळक उल्काच दिसतात.

जागा म्हणाल तर गंगापूर रोड किंवा सिडकोच्या गच्चीवरून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या दिसतील. त्र्यंबकच्या पुढे हरसूलकडे नाहीतर पेठ रोडला लांब कुणा ओळखीच्याचं शेत असेल तर उत्तम. तिकडून शहराचा उजेड पूर्व बाजूला राहतो आणि मिथुन रास पण तिकडूनच उगवते, म्हणून सुरुवातीला थोडं निराश व्हायला होतं, पण अकरानंतर मिथुन वर चढली की मजा सुरू, अडीचच्या सुमारास ती जवळपास डोक्यावर असते. रात्री डोंगर चढू नका, गरजच नाही. आणि बिबट्याचं लक्षात ठेवा, उसाच्या कडेला बसायचं नाही, एकट्याने जायचं नाही, लघवीला सुद्धा टॉर्च घेऊन दोघांनी जायचं.

टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा. अंधाराला डोळे सरावायला 20-30 मिनिटं लागतात आणि कुणी एकाने व्हॉट्सॲप उघडलं की सगळ्यांची मेहनत वाया, म्हणून मोबाईल गाडीतच ठेवा, खरंच.

थंडी मात्र बेकार असते. खाली प्लॅस्टिक, त्यावर सतरंजी, अंगावर गोधडी, कानटोपी, पायात दोन मोजे. पहाटे दवाने गोधडी वरून ओली होते म्हणून वर अजून एक प्लॅस्टिक.

बघायचं कुठे? थेट मिथुनकडे टक लावू नका, तिथल्या उल्का आखूड दिसतात, थोडं बाजूला मृग किंवा कृत्तिकांच्या भागात नजर सैल ठेवा. लुकलुकत जातं ते विमान, सावकाश एकसारखं सरकतं तो उपग्रह, उल्का एक-दोन सेकंदात संपते. वाळूच्या कणाएवढा तुकडा 100 किमीच्या आसपास उंचीवर जळतो आणि आपल्याला इथून दिसतो, मला हे अजूनही अफाट वाटतं. कधी पिवळी, कधी हिरवट, आणि एखादी जोरदार असली तर गेल्यावरही क्षणभर रेघ राहते. "ती बघ!" म्हणेपर्यंत ती गेलेली असते आणि बाकीचे चिडतात, म्हणून डोकी मध्ये आणि पाय चारी दिशांना करून झोपा, कुणाला ना कुणाला दिसतेच.

तासाला 120 वगैरे आकडे वाचाल, ते आदर्श आभाळाचे. काळोख्या जागी 40-50 दिसल्या तरी भरून पावलात. मधेच दहा मिनिटं काहीच नाही आणि मग लागोपाठ तीन असंही होतं, तेव्हा बोअर झालं म्हणून उठू नका. मोजायचं असेल तर एकाने बोलायचं, दुसऱ्याने लाल उजेडात वेळ लिहायची, आणि उल्केची रेघ मनातल्या मनात मागे ओढून बघायची, मिथुनला पोचली तर जेमिनिड, नाहीतर भटकी, तिची वेगळी खूण.