तलाव सुधारताना या चुका टाळा

सोलापुरात समुद्र नाही, पण सिद्धेश्वर तलाव आहे, कंबर तलाव आहे, हिप्परग्याचा एकरुख आहे. शहरातली तळी सुधारायला हौशी मंडळी उतरतात आणि त्याच त्या चुका करतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काठ एकसारखा करणं. पोकलेन लावून तळं कढईसारखं खोल करायचं, कडेनं दगडी पिचिंग मारायचं. मग शेकाट्या, तुतवार या काठावर चरणाऱ्या पक्ष्यांनी उभं कुठं राहायचं? त्यांना घोट्याएवढं पाणी आणि उतरता चिखल लागतो, कारण त्यांच्या खाण्यातले किडे चिखलात असतात. ठाण्याच्या खाडीत रोहित (फ्लेमिंगो) येतात तेही ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर. आपले लोक उजनी धरणाच्या फुगवट्यावर जाऊन चिखलातल्या रोहितांचे फोटो काढतात आणि घरी येऊन आपल्या तळ्याचा चिखल उपसा म्हणून निवेदन देतात! मी मशीन यायच्या आधी चुन्याची फक्की टाकून उथळ काठ आखून ठेवतो. नकाशा कुणी उघडत नाही, फक्की ड्रायव्हरला दिसते.

दुसरी चूक, एका रविवारी तळं साफ करणं. एका गटानं ऐन पावसाळ्यात जलपर्णीबरोबर काठावरचं पाणकणीस हे उंच गवतही उपटलं. "काका, हिरवं ते सगळं काढलं की!" पोरगं खुशीत. ढिगात टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याची अंडी होती. टिबुकलीचं घरटं पाण्यावर तरंगतं, आणि उठून जाताना ती अंडी ओल्या पाल्यानं झाकते. घाईतल्या माणसाला तो कचराच वाटणार. फोटो झाले, ढीग काठावरच राहिला. पुढच्या जोराच्या पावसात तो परत पाण्यात गेला, कुजला, प्राणवायू घटला आणि मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. सांडपाण्याचा नाला तसाच चालू, त्यामुळं दिवाळीपर्यंत जलपर्णी पुन्हा हजर. पोषक पाणी मिळालं की ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. म्हणून आधी नाला अडवा. जलपर्णी मार्चनंतर, पाहुणे पक्षी गेल्यावर काढा, पावसाच्या आत उरका. तेव्हाही आधी घरटी बघा, टप्प्याटप्प्यानं काढा, ढीग त्याच दिवशी हलवा. पाणकणसाला हात लावू नका, पाणकोंबड्या त्यातच राहतात.

डासांसाठी गप्पी मासे सोडू नका, देशी मासे मागं पडतात. पुण्य म्हणून परदेशी मांगूर मासे सोडणं तर अजिबात नको. ब्रेड टाकू नका. काठावर रात्रभर फ्लडलाइट नको. कारंज्यानं थोडा प्राणवायू मिळतो, सांडपाण्यातला फॉस्फेट तिथंच राहतो. बाकी ते सेल्फीपुरतं.

आणि पक्षी मोजायचे तर काम सुरू व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात मोजा, मग पुढचे दोन-तीन हिवाळे त्याच जागी, त्याच वेळी. उद्‌घाटनादिवशी बगळे दिसले म्हणून पेढे वाटू नका, बगळे गटारावरही येतात.